डंपरसमोर मिटलेली मूठ

आमच्या भिवंडीच्या नारपोलीतल्या शेडमधला शेवटचा लूम, म्हणजे यंत्रमाग, भंगारात गेला, त्या दिवसापासून माझ्या यजमानांनी बोलणं टाकलं. खरं सांगते, तेव्हा वज्रेश्वरी आईवरची माझी श्रद्धाही डळमळली होती. लूम पुन्हा चालू होऊ दे, एवढंच माझं मागणं. आणि इकडे गल्लीतली एकेक शेड बंद पडून तिथे गोदामवाल्यांची खोकी येत होती. ऐकायचं नसेल तर नाही म्हणून तरी सांग, असं मी देव्हाऱ्यासमोर बसून देवीला तोंडावर म्हणायचे.

ह्यांचे कान लूमच्या खडखडाटातच गेले. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही, कारण शेडमध्ये कान कुणाच्याच उपयोगाचे नसतात. तिथे माणसं हातांनी बोलतात. धागा तुटला, सुताची कांडी संपली, चहा आला, सगळ्याला खूण. डोक्यावर हात नेऊन मूठ मिटली की लूम थांबव. बोटं उघडून हात फिरवला की चालू कर. कुठून कुठून आलेले कारागीर, प्रत्येकाची भाषा वेगळी, देव वेगळा, पण हात सगळ्यांचे एकच बोलायचे. दिवसभर उभं राहून त्यांनी विणलेलं कापड कितीतरी अंगांवर चढलं असेल. मला त्या माणसांचा फार अभिमान वाटतो, आजही.

शेड बंद झाली आणि ह्यांच्याशी बोलणारे हातच उरले नाहीत. मी ओरडायचे, पाटीवर लिहून दाखवायचे, हे आपले भिंतीकडे बघत बसलेले. हळूहळू जेवण सुटलं. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण माणसाला जगावंसं वाटायला हवं. ते औषध कुठे मिळतं, हे काही त्यांनी सांगितलं नाही. देवीची ओटी भरायची राहिली होती, म्हणून मनात नसतानाही ह्यांना घेऊन मी वज्रेश्वरीची एसटी धरली.

उतरल्यावर मी फुलवालीकडे ओटीचं सामान घेत होते. मागे वळले तर हे देवळाकडे नजर लावून एकटेच रस्त्यात निघालेले, आणि बाजूने डंपर येत होता. हॉर्न वाजत होता, लोक ओरडत होते, "अहो, अहो" करून माझा घसा फुटला. ह्यांची मान वळेना. तेवढ्यात समोरचा शेंगदाणेवाला हातगाडी सोडून पुढे धावला, डोक्यावर हात नेला आणि मूठ मिटली. ह्यांचे पाय जागच्या जागी थांबले. डंपर सदऱ्याला वारा लावून निघून गेला.

मी धावत जाऊन ह्यांचा दंड धरला. शेंगदाणेवाला म्हणाला, "भाभी, हॉर्न बजा, सब पलटे, ये नहीं पलटा. तभी समझ गया, अपना लूमवाला है." तोही भिवंडीचाच कारागीर, शेड बंद झाल्यावर इथे गाडी लावलेली. फुलवाली हात जोडून म्हणाली, "बाय गो, आयनंच राखला हाय तुज्या धन्याला."

ते दोघे गाडीशी उभे राहून हातांनी बोलू लागले. मग ह्यांनी पोटावर हात ठेवला आणि कांडी संपल्याची खूण केली. तो खो खो हसला आणि ह्यांच्या ओंजळीत गरम शेंगदाणे ओतले. हे खात होते आणि हसत होते. मी भर रस्त्यात रडले, लाज वाटली नाही.

गाभाऱ्यात ओटी भरली, हात जोडले, आणि काय मागायचं तेच आठवेना. लूम मागत होते, आईने लूमची भाषा जाणणारा माणूस उभा केला. मी मात्र तिला हिशेब शिकवायला निघाले होते! तिला काय द्यायचं ते ठाऊक असतं, आपण ओंजळ पुढे धरावी. शेजारी हे देवीकडे बघत उभे होते. त्यांनी बोटं उघडली आणि हात हळूच फिरवला.

लूम काही परत आले नाहीत. हे मला खुणा शिकवतात, मी चुकले की शेडमधल्यासारखे डोळे वटारतात. सकाळी दिवा लावल्यावर आता मी आईकडे काही मागत नाही. बोटं उघडते, हात फिरवते आणि कामाला लागते.