त्रेचाळीस ठिपके

पाणीपुरवठा खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत आलेखबाई बसायच्या. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहायचं. पाण्याचा दाब, गढूळपणा, गळती, जे काही आकड्यांत येई ते त्यांच्या टेबलावर जायचं आणि रेघ होऊन बाहेर पडायचं. पूर्वी त्या खोलीत तिघं बसायची. दोघं निवृत्त झाली, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. बाईंनी त्या दोन टेबलांवर जुन्या फायली रचून ठेवल्या, निदान रिकामी दिसायला नकोत म्हणून.

वय सत्तेचाळीस. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणाऱ्या बायकाही एव्हाना विचारून थकल्या होत्या. सात महिन्यांपूर्वी बाबा गेले, तेव्हापासून घरात एकच ताट निघायचं. दिवसभरात कोणाशी बोलणं झालं तर ते कामाचं, आणि न झालं तर पायथनशी.

पायथन ही संगणकाला कामं सांगायची भाषा त्या जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ बघून शिकल्या होत्या. त्यातली आलेख काढणारी लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच, मोठी मानी आहे असं त्यांचं मत होतं. तारीख ही तारीख आहे असं नीट सांगितलं नाही, नुसता मजकूर म्हणून दिली, की ती प्रत्येक तारीख तळाशी छापायला घ्यायची आणि अकरा हजार तारखांचा एक काळा पट्टा करून द्यायची. मराठी शब्द दिला की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन. फॉन्ट बदलून चौकोन घालवले, तर ह्रस्व वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर आणि जोडाक्षरांची फाटाफूट. इतरांनी हात टेकले असते. बाईंनी असे शब्द शोधून काढले ज्यांत ना ह्रस्व वेलांटी, ना जोडाक्षर. पातळी, साठा, पाऊस, तारीख. अगदीच अडलं तर मथळा वेगळा लिहून चित्र म्हणून वर डकवायचा. साहेबांना वाटायचं, बाईंची भाषा साधी आहे.

साहेब नवे होते, उत्साही होते, आणि त्या गुरुवारी स्वतः जिना चढून वर आले.

"बाई, तलावावरची जुनी मोजपट्टी काढली आपण. आता यंत्र बसलंय. तर खालच्या हॉलमध्ये तुमच्या वडिलांच्या नोंदींचा एक मोठा आलेख लावू या. एकतीस वर्षं, रोज सकाळी सहाला. वह्या टाइप करून घेतल्यात, फाइल पाठवतो. वर ठळक मथळा, 'एकही दिवस खंड नाही'. खाली त्यांचं नाव. सोमवारपर्यंत होईल?"

"होईल," बाई म्हणाल्या.

साहेबांनी चांगल्या मनानंच म्हटलं होतं. त्यांना काय माहीत, की हेच एक वाक्य बाईंनी सदतीस वर्षं बापाच्या नावावर मांडून ठेवलं होतं. एकही दिवस खंड नाही म्हणजे आई गेली त्या दिवशीही नाही.

बाई तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. आई त्रेचाळीस दिवस इस्पितळात होती. मुलांना आत सोडत नाहीत, आई बरी होऊन येणार आहे, असं आत्यानं सांगितलं होतं. बाबांचा दिवस ठरलेला. पहाटे साडेपाचला पिशवीत वही आणि टॉर्च घालून निघायचे, आठाला परत. एरवी ते दारात आले की आई आतून विचारायची, "आज किती?" आणि ते चपला काढता काढता पाण्याची पातळी सांगायचे. आई कोणता बंधारा बांधायला निघाली होती देव जाणे, पण विचारल्याशिवाय तिचा दिवस सुरू व्हायचा नाही. त्या त्रेचाळीस दिवसांत विचारायला कोणी नव्हतं, तरी बाबा रोज वेळेवर निघत होते. त्रेचाळिसाव्या सकाळी आठाला परत आले, पिशवी खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "आई गेली." पोरीनं पिशवीकडे बघितलं. वही आत होती. म्हणजे आधी आकडा लिहिला आणि मग हा माणूस घरी आला, हे तिच्या मनात बसलं ते बसलंच.

पुढची छत्तीस वर्षं दोघं एका घरात राहिली. तिनं वाढलं, त्यांनी खाल्लं. शेवटी शेवटी औषधंही तीच द्यायची, घड्याळ लावून, एक वेळ न चुकवता. पण तिनं कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. शेजारीपाजारी म्हणायचे, बापलेकीचं काय छान चाललंय, कधी आवाज म्हणून नाही. आवाज कुठून येणार, बोलणंच नव्हतं.

शुक्रवारी बाईंनी फाइल उघडली. तारखांचा काळा पट्टा नेहमीप्रमाणे आला, तो त्यांनी दुरुस्त केला, तळाशी फक्त वर्षं ठेवली. रेघ उमटली. पावसाळ्यात चढ, उन्हाळ्यात उतार, आणि सगळीकडे बारीक दाते, कारण वारा असतो, लाटा असतात, माणूस पट्टी रोज थोडी वरखाली वाचतो. फक्त एका उन्हाळ्यात रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ उतरली होती. आणि उताराच्या शेवटी एका दिवसात बावीस सेंटिमीटर वर उडाली होती, पावसाचा थेंब नसताना.

बाईंना हा आजार ओळखीचा होता. मधल्या नोंदी गळाल्या की लायब्ररी अलीकडचा ठिपका पलीकडच्या ठिपक्याला खुशाल जोडून टाकते, मधे काही घडलंच नाही अशा थाटात. उपाय सोपा. गळालेल्या दिवसांच्या ओळी घालायच्या आणि आकडा रिकामा सोडायचा, मग रेघ तिथं तुटते. म्हणजे टायपिस्टनं दोन पानं एकदम उलटली, दुसरं काय. नेमके कोणते दिवस ते बघायला बाईंनी प्रत्येक नोंदीवर ठिपका काढायला लावला.

ठिपके होते. एकही गळाला नव्हता. बाईंनी ते मोजले आणि मग तारखा वाचल्या, खरं तर वाचायची गरज नव्हती. त्रेचाळीस.

त्यांनी खाली जाऊन मूळ वही मागून आणली. टायपिस्टची चूक नव्हती. बाबांचंच अक्षर, त्यांचीच निळी शाई. रोज दोन सेंटिमीटर कमी, रोज दोन सेंटिमीटर कमी. आधीच्या आणि नंतरच्या पानांवर आकड्यापुढे काहीतरी खरडलेलं असायचं. 'वारा.' 'लाटा, दोनदा वाचलं.' 'पट्टीवर शेवाळ, पुसली.' या त्रेचाळीस ओळींपुढे काही नव्हतं.

आकडे मनानं लिहिलेले होते, हे शिकाऊ माणसालाही कळलं असतं. म्हणजे ते तलावावर गेलेच नव्हते. मग रोज साडेपाचला टॉर्च घेऊन हा माणूस जात कुठे होता?

हे सांगू शकेल असं एकच माणूस जिवंत होतं. शनिवारी दुपारी बाई पंपकाकांकडे गेल्या. तलावाकाठचं पंपघर त्यांनी तीस वर्षं सांभाळलं होतं. मोटरींच्या आवाजानं कान गेले होते, त्यामुळे काका सगळ्या जगाशी ओरडून बोलायचे. बाईंनी त्यांच्यापुढे आलेखाचा कागद ठेवला. काकांनी चष्मा पुसला, बोटानं रेघ धरून सरकत गेले आणि त्या सरळ उतारावर थांबून हसायला लागले.

"अगं, हे काय! त्यात आठ दिवस माझी मोटर जळाली होती. पंप बंद. पाणी उपसलंच नाही तर उतरेल कसं? निदान मला विचारून तरी ठोकायचं होतं त्यानं."

"काका, बाबा कुठे असायचे तेव्हा?"

काकांचं हसू गेलं. त्यांनी कागदाची घडी घातली, मग पुन्हा उघडली.

"तुला सांगितलं नाही त्यानं? कधीच?"

"नाही."

"इस्पितळात, दुसरीकडे कुठे जाणार? पहाटे पहिल्या फेरीला आत सोडायचे. मी म्हटलं, अरे, सरळ रजा घे. तर म्हणाला, रजा घेतली की मी घरी दिसणार, पोरगी हुशार आहे, ओळखेल. तुझ्या आईनं शपथ घातली होती ना. मी वाचणार नाही हे पोरीला कळू द्यायचं नाही, तिला शाळेत जाऊ दे, हसू दे. म्हणून रोज पिशवी घेऊन निघायचा, तुला दिसावं म्हणून."

"आणि आकडे?"

"ते तुझ्या आईपायी. तो तिथं पोचला की ती विचारायची, आज किती? याला काय ठाऊक किती ते. मग द्यायचा सांगून, कालच्यापेक्षा दोन कमी. मी म्हटलं, मी वाचून ठेवतो, खरा आकडा लिही. नको म्हणाला. म्हणाला, तिला एक सांगायचं आणि वहीत दुसरं लिहायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही." काकांनी चष्मा काढला. "अशी त्याची अक्कल. खातं फसवलेलं चालत होतं, पण बायकोला नाही."

"नंतर तरी सांगायचं मला."

"मी किती वेळा म्हटलं त्याला. तो म्हणायचा, सांगितलं तर ती विचारेल, तुम्ही होतात, मग मला का नेलं नाही? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. त्यापेक्षा मीही तिथं नव्हतो असं तिला वाटू दे. दोघंही नव्हतो, म्हणजे ती एकटी पडत नाही."

बाईंनी आलेखाचा कागद पिशवीत घातला. परतताना त्या एक थांबा पुढे उतरल्या आणि मागे चालत आल्या. घरी खिळा अजून तिथंच होता. त्याला आता छत्री अडकवलेली असायची.

सोमवारी साहेब आलेख बघायला वर आले. "बाई, छान झालाय. फक्त इथं मधे रेघ तुटलीय. आणि वरचा मथळा राहिला बहुतेक."

"राहिला नाही, काढलाय. ते त्रेचाळीस आकडे खरे नाहीत, साहेब. मनानं लिहिलेत. आठ दिवस पंप बंद होता आणि पाणी उतरतच होतं. मी ते रिकामे केले."

साहेब गोंधळले. "पण 'एकही दिवस खंड नाही' हे तर सगळं खातं सांगतं. तुमच्याच वडिलांचं नाव खाली येणार. आपण होऊन कशाला? कोण बघतंय एवढं?"

"मी बघितलं ना."

"मग त्या मोकळ्या जागेत काहीतरी लिहा. लोक विचारतील."

बाईंनी ओळ आधीच लिहून ठेवली होती, ती चालवून दाखवली. तुटलेल्या रेघेच्या मधोमध एकच शब्द उमटला, 'रजेवर'. ना ह्रस्व वेलांटी, ना जोडाक्षर, पहिल्या फटक्यात नीट आला. साहेब 'बरं' म्हणाले आणि खाली गेले.

मग संध्याकाळी, खोलीतून निघायच्या आधी, बाईंनी आणखी एक आलेख काढला. तो हॉलसाठी नव्हता. त्यात फक्त ते त्रेचाळीस ठिपके घेतले, मधली रेघ काढून टाकली आणि उभा अक्ष ताणला, म्हणजे दोन सेंटिमीटरही दिसतील. ठिपके एकाखाली एक उतरत गेले, बेचाळिसाव्यापर्यंत. त्रेचाळिसावा उतरला नव्हता. तो बेचाळिसाव्याच्या शेजारी, त्याच उंचीवर होता.

बाईंना आधी वाटलं, आपलंच काही चुकलं. त्यांनी वही काढून बघितली. चूक नव्हती. त्या सकाळी 'आज किती' असं कोणी विचारलं नव्हतं, म्हणून बाबांनी कालचाच आकडा पुन्हा लिहिला होता.

"मला सांगायचं होतंत, बाबा," बाई मोठ्यानं म्हणाल्या. खोलीत दोन टेबलं होती, त्यांवर फायली होत्या. त्यांनी संगणक बंद केला आणि दिवा मालवला.