पत्त्याचं दावं

नेट हळू चालतंय म्हणून मी बसवकल्याणच्या ब्रॉडबँड ऑफिसात भांडायला गेलो होतो. माझ्यापुढं एक अक्का उभी होती. लेकीच्या बाळंतपणाला ती इथं आलेली, आणि तिकडं हळ्ळीखेडला तिची म्हैस व्यायला टेकलेली. म्हशीच्या बाबतीत नवऱ्यावर तिचा भरवसा नव्हता, म्हणून गोठ्यात कॅमेरा. पण लाईट जाऊन आली की घरच्या नेटचा आयपी पत्ता बदलायचा आणि फोनवरचा गोठा गायब व्हायचा.

"म्हस दावणीला हाय, मग पत्ता कामून मोकाट फिरायलाय? त्यालाबी बांधा की!"

काउंटरवरच्या मॅडमनी हसत कायमचा, स्टॅटिक पत्ता लावून दिला. गोठा दिसला आणि अक्का ओरडलीच, "अगं माय, रेडकाचे पाय दिसायलेत!"

आम्ही सगळे धावलो. तिनं झटकन फोनवर पदर ओढला. "बघू नका, नजर लागंल!" आणि स्वतः पदरात डोकं घातलं.

आम्ही त्या पदराकडंच बघत राहिलो. तो हलला की आम्ही माना उंचावायचो.

एकदम पदर उडाला. "वगार झाली, वगार! म्हशीला लेक झाली!"

ऑफिसभर टाळ्या. माझं भांडण मी विसरूनच गेलो. डोळे पुसत अक्का दारापर्यंत गेली आणि वळून तिनं मॅडमना बजावलं, "त्या पत्त्याचं दावं सोडू नका बरं का. पुढच्या वेतालाबी जागेवर पाहिजे!"