ओल्या पत्र्यावरचं वॅक्स

त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. किहीमच्या रस्त्यावर तो गाड्या धुतो. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, खांद्यावर मऊ फडकं, आणि कामाला लागण्याआधी बैलाची पाठ थोपटावी तशी गाडीच्या टपावर थाप मारायची सवय.

त्या दुपारी माझ्या नवऱ्याच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता. तो मुलाबरोबर मुंबईला हॉस्पिटलात होता. मला घरात बसवेना, म्हणून मी गाडी धुवायला नेली.

गाडी धुऊन झाल्यावर त्याने ओल्याच पत्र्यावर वॅक्सचा फवारा मारला आणि फडक्याने पुसायला घेतलं. "ओल्यावरच मारायचा, ताई. पुसता पुसता सगलीकडं सारखा पसरतो. खारा वारा हाय ना आपल्याकडं, पत्रा गंजतो."

"मलाही एक फडकं द्या," मी म्हटलं.

त्याने दुसरं फडकं काढून माझ्या हातात दिलं. तो बॉनेट पुसू लागला, मी दार.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. "आई, गाठ साधी आहे. बाबांना काही झालेलं नाही."

मी गाडीला टेकून ढसाढसा रडले. तो घाबरून जवळ आला. "काय झालं, ताई?"

"काही नाही हो. माझ्या नवऱ्याला काहीसुद्धा झालेलं नाही."

त्याने मोठा श्वास सोडला. "मग रडा बिनधास्त. पानी पुसायलाच तर उभा हाय मी."

आणि माझ्याकडे पाठ करून, माझं रडणं आवरेपर्यंत, तो चकचकीत झालेलं बॉनेटच पुन्हा पुन्हा पुसत राहिला.