दुसरी ओळ

डोंगरकडा गावच्या शाळेत स्वतः गाणी रचून गाणाऱ्यांचा कार्यक्रम ठरला होता. आमंत्रण घेऊन आलेल्या गुरुजींना मी आधी नाहीच म्हणालो. आमची दोघांची जोडी होती. कितीतरी वर्षं पहिली ओळ मी म्हणायची आणि दुसरी माझ्या जोडीदारानं उचलायची. रचायचो मीच, पण दुसरी ओळ त्याच्या गळ्याला बसेल अशी. दिवाळीनंतर त्याचा मुलगा त्याला पुण्याला घेऊन गेला. गुडघे गेले होते, इथं त्याचं करणारं कोणी नव्हतं.

"एकटेच या, काका," गुरुजी म्हणाले. "लोकं तुमचीच गाणी मागून राहिलेत."

गेलो. दिवस मावळत होता, मैदान भरलं होतं. माझ्या आधी साठीतली एक धनगर बाई गायली. मेंढ्या वितात त्या दिवसांचं तिचं स्वतःचं गाणं होतं. हातात काही वाद्य नाही, पदर डोक्यावर, नजर लोकांच्याही पलीकडं.

मग मी. आमच्या नदीचं गाणं घेतलं. 'कयाधूच्या पल्याड गेला कळप सारा' अशी सुरुवात केली आणि सवयीनं थांबलो. उजवीकडं पाहिलं. तिथं नुसता माइकचा दांडा होता. लोकांना वाटलं, मी शब्द विसरलो. पुढच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवून धीर दिला. शेवटी दुसरी ओळ मीच म्हटली. माझ्या गळ्यात ती खाली बसली, त्याच्यासारखी वर गेलीच नाही. तशाच चारी कडव्यांच्या दोन्ही ओळी म्हणून उतरलो.

मंडपामागं ती धनगर बाई चहा पीत होती. "काहून थांबलात मधी?"

"जोडीदार न्हाई आता."

"मेला?"

"न्हाई. पुण्याला गेला."

तिनं मान हलवली. "मला तर पहिल्यापासून दुसरं कोणी न्हवतंच. तुमी ओळ संपायच्या आधीच दम सोडून राहिलात. एकल्या माणसानं दम राखावा."

घरी येऊन जोडीदाराला फोन लावला.

"कसं झालं?"

"झालं बराबर."

"माझी ओळ कोणं म्हटली?"

"मीच."

तो म्हणाला, "इथं गाता येत न्हाई गड्या. भिंतीपल्याड लोकं असतात. सूनबाई म्हणते, हळू."

"मग आता म्हण."

"आता नातू अभ्यास करून राहिला."

फोन ठेवला. जेवायला वाढून घेतलं.

त्यानंतर बाईनं सांगितलं तसा दम राखायला शिकतो आहे. नवीन गाण्यांच्या ओळी आता आखूड करतो, म्हणजे एका गळ्याला पेलतात. दोन झाली आहेत. अजून कोणाला ऐकवली नाहीत.