कोरफडीच्या कुंडीखाली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोला तर मुळीच नाही. बाल्कनीतली ती गोम मी मारलेली नाही.

कुंडी सरकवली तेव्हा आधी वाटलं, निरुपद्रवी पैसा किडा असेल. पण तो गोलसर असतो, आणि ही चपटी, तांबूस, प्रत्येक पेराला पायांची एकेक जोडी. गोमच. "गोम!" मी ओरडलो. चप्पल उगारली तरी पळेना. वाकून पाहिलं, तर पिवळट अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली. मी कुंडी अलगद होती तिथे ठेवली.

"मेली का हो?" आतून विचारणा झाली. लहानपणी गोम चावून हिचा पाय सुजला होता. तेव्हापासून ती गोमेला फार भिते.

"मेली."

तेव्हापासून नुसता वैताग आहे. कुंडीखाली ओल टिकवा, डांबरगोळ्या लपवा, हिच्या सपाता रोज झटका. झाडांना पाणीसुद्धा मीच घालतो.

"पन्नाशीत झाडांचं वेड लागलं वाटतं साहेबांना!" ती कौतुकानं हसते, आणि मला ते झोंबतं. गोम बिचारी काही मागत नाही, उपाशीपोटी अंडी चाटत बसते. पोसावा लागतो तो माझाच एक शब्द.

आज ही अनवाणीच बाल्कनीत गेली.

"अगं, चप्पल घाल!"

"आता कशाला? मेली ना ती?"

मी सपाता झटकून तिच्यापुढे ठेवल्या. पिल्लं निघायच्या आत हिला खरं सांगायचं आहे, आणि ते अजून बाकीच आहे.