मोऱ्याजवळच्या एकोणचाळीस कोंबड्या आणि माझा तक्ता

शनिवारी पहाटे साडेपाचला कामोठ्याहून स्कूटर काढली. ठरवलं होतं ते आरामात फिरायचं. उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावर चहा घ्यायचा, लाँच सुटताना बघायची आणि जवळच्या कोळीवाड्यातल्या चार घरांत मी दिलेली पिल्लं तीन महिन्यांत किती भरली ते काट्यावर तपासायचं. पण आदल्या संध्याकाळी मंदाताईचा फोन आला. तिच्या पन्नासातल्या अकरा कोंबड्या चार दिवसांत गेल्या होत्या. या चार घरांच्या गटातल्या बाकी तिघींच्या मते ही मानमोडी, म्हणजे राणीखेत होती. कोंबड्यांची साथ कुंपण बघत नाही, त्यामुळे त्यांनी निकाल लावला होता: शनिवारी चारला व्यापाऱ्याचा टेम्पो येईल, मंदानं आपल्या सगळ्या द्याव्यात. नाही दिल्या तर त्या तिघी आपापल्या विकून मोकळ्या होतील. दोन्हीकडून गटाचं काम बंदच.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख. मी लिफ्ट दुरुस्त करणारा, मूळचा साताऱ्याकडचा, शिक्षण दहावी. कोंबडीपालनाचा एकही कोर्स केलेला नाही. भंगारातल्या फ्रिजचं उबवणी यंत्र मी स्वतः बनवलं, आणि त्याचं तापमान सदतीस पूर्णांक सात अंशांवरून हलत नाही. खाद्याचा माझा एकपानी तक्ता शिकलेले लोकही मागून नेतात, आणि त्यावरून कोळीवाड्यात मला मास्तर म्हणतात. हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

जाणाऱ्यांनी रस्ता नीट लक्षात घ्या. गव्हाण फाट्यापर्यंत मोकळं असतं. जासईपुढे कंटेनरचे ट्रेलर सुरू होतात, तेव्हा सातच्या आत करळ फाटा ओलांडा, नाहीतर दुचाकीवाल्यानं नुसती धूळ खायची. ज्यांना हे नको त्यांना नेरूळहून उरणची ट्रेन आहे, स्टेशनपुढे रिक्षा मिळते. उरणात नाक्यावर भजीपाव पंचवीस रुपये, चहा दहा. भजी कांद्याची घ्या, बटाट्याची तेलकट होती. जाऊन-येऊन साठ-पासष्ट किलोमीटर पडतात.

कोळीवाड्यात शिरताना उजवीकडे खाडी आणि डावीकडे बांबूंच्या वलांड्यांवर, म्हणजे आडव्या दांड्यांवर, वाळत घातलेले बोंबील. मंदाताई दारातच उभी होती. चाळिशीची, काटक बाई, नवरा बोटीवर. चहाचं विचारलं नाही, थेट खुराड्याकडे नेलं. खुराडं बघून मला बरं वाटलं. जमिनीपासून दोन फूट उंच, जाळी घट्ट, भुसा बदललेला. सगळं माझ्या मापानं.

पण भुसा ओला होता. काल बदलला म्हणाली, तरी ओला. मानमोडीत कोंबडी मान पिरगाळते, हिरवट शिटते. इथे माना सरळ होत्या, शिट नुसतं पाणी. पाण्याचं भांडं मी भरलं आणि घड्याळ लावून बसलो. दहा मिनिटांत भांडं कोरडं, आणि कोंबड्या रिकाम्या भांड्यावर चोची मारतायत. तहान कसली, हे कळेना. पाणी चाखलं, गोडं होतं. मग खाद्याची चिमूट जिभेवर ठेवली.

नुसतं मीठ.

एव्हाना तिघी कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. मी म्हणालो की साथ नाही, खाद्यात मीठ जास्त झालंय. त्यासरशी त्या मंदाताईवर घसरल्या. हिला माप कळत नाही, हिचा हात सैल, घरात कालवणपण खारट करते. त्यातली हिरामावशी साठीची, गटाची प्रमुख. ती म्हणाली, आता तर देऊनच टाक, तुझ्यानं व्हनार नाय. मंदाताई आत गेली आणि पॉलिथिनमध्ये जपून ठेवलेला माझा तक्ता घेऊन आली.

"मास्तर, तुमीच लिवलंय ना? धा भागांत एक भाग सुकी मासली. मी तोलून घालते."

मी विचारलं, कुठली मासळी. तिनं डबा उघडून दाखवला. खारवलेल्या मुशीची, म्हणजे छोट्या शार्कची, डोकी आणि कातडी, कुटून बारीक केलेली. आधी ती बोंबलाचा चुरा घालायची, ही गेल्या आठवड्यापासून जावेकडून फुकट मिळत होती. मी म्हटलं, मला जवळा म्हणायचा होता, नुसता उन्हात वाळवलेला.

"जवला इकून आमचं घर चालतं. तो कोंबऱ्यांना घालू?"

आमच्या साताऱ्याकडे सुकी मासळी म्हणजे आठवडी बाजारात एका बाईच्या पाटीत जे काय असेल ते. मिठाची वेगळी आणि बिनमिठाची वेगळी, हा विचार कोंबड्यांच्या नादाच्या पंधरा वर्षांत माझ्या डोक्यात आला नव्हता. मक्याचा, पेंडीचा, शिंपल्यांच्या चुऱ्याचा मी ग्रॅमपर्यंत हिशेब लिहिलेला, आणि मासळीपुढे एकच शब्द. बाकी तिघींनी मासळीचा भाग सरळ गाळला होता, म्हणून त्यांच्या कोंबड्या धडधाकट. तक्ता अक्षरशः पाळणारी एकटी मंदाताई, आणि मेल्या त्या तिच्या.

मीठ जास्त झालंय एवढं सांगून मी थांबलो असतो तरी कोणी विचारलं नसतं. ते माझ्या मनात येऊन गेलं, लपवत नाही. पण तिघी तिच्याकडेच बघत होत्या.

"चूक मंदाताईची नाही," मी म्हणालो. "माझा तक्ता चुकलाय."

 मग हिरामावशी तोंडाला पदर लावून हसली. "येवरं लिवनं शिकलं, नि मासली नाय समजली मास्तरांना."

हसण्यानं वातावरण सैल झालं, पण टेम्पो चारला यायचाच होता. मी रविवार दुपारपर्यंतची मुदत मागितली. हिरामावशीनं ती माझ्याकडे न बघता मंदाताईला दिली. व्यापाऱ्याला फोनही तिनंच केला.

मग उपचार. खारं खाद्य बंद, नुसती मक्याची भरड. पाणी मात्र तासातासाला थोडं थोडं, कारण तहानलेल्या कोंबडीला एकदम पोटभर पाणी दिलं तर तेही घातक. दुपारी मंदाताईनं जेवायला बसवलं, तांदळाची भाकरी आणि खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण. कालवण मुळीच खारट नव्हतं आणि मी तसं तिघींना ऐकू जाईल असं म्हणालो. पैसे घेतले नाहीत तिनं. संध्याकाळच्या पाण्याची पाळी करून मी उरणात लॉजवर मुक्कामाला गेलो. खोली आठशे, चादर स्वच्छ, गिझर बंद.

रविवारी सातला परत गेलो तेव्हा मंदाताईच्या हातात एक मेलेली कोंबडी होती.  पण मागे अडतीस उभ्या होत्या, आणि भुशावर उकरत होत्या. दुपारपर्यंत आणखी एकही पडली नाही. हिरामावशीनं भुसा मुठीत दाबून बघितला. कोरडा होता. व्यापाऱ्याला आता येऊच नको, असं तिनं कळवून टाकलं.

निघण्याआधी तिनं मला ओट्यावर बसवून सुकी मासळी शिकवली. जवळा, बोंबील, मांदेली बिनमिठाची. मुशी, सुरमई मिठाची. प्रत्येक नाव वहीत लिहून झालं की मला म्हणायला लावायची. दोनदा चुकलो. मोऱ्याची लाँच राहिली ती राहिलीच.

घरी आल्यावर आधी फोन केले. तोच तक्ता आणखी सतरा घरांत गेलेला आहे, पनवेलच्या डोंगराकडच्या पाड्यांपर्यंत. प्रत्येकाला सांगितलं, मासळीची ओळ खोडा. बहुतेकांनी ती कधी वाचलीच नव्हती. एवढं बारकाईनं लिहिणारा मी, आणि लोक वाचत नाहीत म्हणून मला हायसं वाटलं.

बुधवारी नवा तक्ता तयार झाला आणि मी मंदाताईला फोन लावला. अडतीसच्या अडतीस होत्या. पुढची पिल्लंही माझ्याकडूनच घ्यायची असं चौघींचं ठरलं होतं, पण छापायच्या आधी कागद वाचून दाखवा म्हणाली. आजवर मी कच्चा कागद कुणाला दाखवलेला नाही. ओळीमागून ओळ वाचत गेलो, तिकडे ती "हं" म्हणत होती. दोन ठिकाणी तिनं थांबवलं. दोन्ही ठिकाणी पेनानं माझं खोडून तिनं सांगितलेलं लिहिलं, आणि कागद छापायला दिला.