नवव्या चालीचा घोडा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही युसूफला ओळखत नाही, म्हणून असेल.

युसूफचं जळगावात सराफ बाजारामागे घड्याळदुरुस्तीचं दुकान. आम्ही दोघं तिथेच बुद्धिबळ खेळायचो. पांढऱ्याकडून खेळताना सिसिलियन बचावाविरुद्ध त्यानं एक चाल शोधली होती — नवव्या चालीला घोडा सरळ मारात द्यायचा. समोरच्यानं घेतला, की बारा चालींत खेळ खलास. दोन वर्षं त्यानं ती कुणाला कळू दिली नव्हती. दाखवली फक्त मला. खेळणाऱ्यांत असा विश्वास फार कमी असतो, हो.

धुळ्याची स्पर्धा. पहिले दोघं राज्य स्पर्धेला जाणार. माझा शेवटचा डाव लवकर बरोबरीत सुटला, युसूफचा दुपारी होता. तो जिंकला तर मी तिसरा — हरला तर मी दुसरा. आणि युसूफकडे पांढरी मोहरी, समोर धुळ्याचा बँकवाला — तो कायम सिसिलियनच खेळायचा.

चुकून तोंडातून गेलं, असं म्हणता आलं असतं. नाही गेलं. मी त्या बँकवाल्याला चहाच्या टपरीवर गाठलं — चहाही मीच पाजला — आणि म्हणालो, युसूफ नवव्या चालीला घोडा देईल. घेऊ नका, राजा बाजूला घ्या. हा उपाय मला घरी पट मांडून सापडला होता, युसूफला सांगितला नव्हता.

त्यानं तसंच केलं. युसूफ पाऊण तास पटाकडे बघत बसला. मग हरला.

एवढंच असतं तर... पण परतीच्या एसटीत तो म्हणाला, "भाऊ, खरं सांगा, मनी चालच कच्ची व्हती ना?" मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "हो रे, तुझी चाल कच्चीच होती."

राज्य स्पर्धेत मी सपाटून हरलो. युसूफ पुन्हा स्पर्धेत उतरलाच नाही. परवा मोबाईलवर ती चाल तपासली. उत्तम निघाली. राजा बाजूला घेणं हा एकच बचाव, आणि तो पटावर बसून सहज सुचणारा नाही. माझी लाज वाटते मला, दुसरं काय.

मागच्या आठवड्यात घड्याळाचा पट्टा बदलायला दुकानात गेलो. युसूफ मुलीला डाव शिकवत होता. तिनं आपणहून घोडा उचलला — तोच, नववी चाल. त्यानं तिचा हात धरला. "ये नहीं, बेटा. कच्ची है. चाचा से पूछ."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिनं घोडा परत ठेवला.